ड्रमबॅलिरोनीचा पॅट्रिक, हॉवर्थचे रेव्हरंड ब्राँटे

इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यात, पेनाइन डोंगरांच्या चढावर हॉवर्थ हे गाव वसलेले आहे. गावाच्या वरच्या अंगाला चर्च, चर्चला लागून दफनभूमी आणि दफनभूमीला लागून पाळकाचे दगडी घर. 1820 पासून 1861 पर्यंत, म्हणजे तब्बल 41 वर्षे, गावचे पाळक रेव्हरंड पॅट्रिक ब्राँटे या घरात राहिले. शार्लट, एमिली आणि ॲन या तीन लेखिकांचे वडील म्हणून जग त्यांना ओळखते. ही ओळख खोटी नाही. पण एवढ्यावरच थांबलो, तर एका मोठ्या कष्टाच्या आयुष्यावर आपण अन्याय करतो.

ब्राँटे हे आडनाव या रूपात त्यांच्या वडिलांचे नव्हते. पॅट्रिक यांचा जन्म 17 मार्च 1777 रोजी, आयर्लंडच्या डाउन परगण्यातील ड्रमबॅलिरोनी या धर्मग्रामात, एम्डेल येथील एका लहानशा झोपडीवजा घरात झाला. वडील ह्यू ब्रंटी हे मोलमजुरी करून पोट भरणारे शेतकरी, आई एलेनॉर ही मॅक्लोरी घराण्यातली. दहा भावंडांत पॅट्रिक थोरले. ब्रंटी हे आडनाव ‘ओ प्रॉन्टी’ या जुन्या आयरिश कुलनामाचे इंग्रजी वळणाचे रूप होय. अठराव्या शतकात आयर्लंडच्या उत्तरेकडील अल्स्टर प्रांताच्या दक्षिण भागात हेच नाव लावणारा एक आयरिश कवी आणि हस्तलिखितांचा लेखनिक होऊन गेला. पॅट्रिक यांच्या वाट्याला मात्र घराण्याकडून ना जमीन आली, ना ग्रंथ.

लोहाराकडची उमेदवारी, मग लिननचे विणकाम, मग गावच्या शाळेत मास्तरकी अशा पायऱ्या चढत असताना स्थानिक धर्मगुरू टॉमस टाय यांचे या हुशार तरुणाकडे लक्ष गेले आणि 1802 मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तो केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाला. तिथल्या वहीत कारकुनाने त्याचे आडनाव ‘ब्रँटी’ असे लिहिले. ते दुरुस्त करताना ‘ब्राँटे’ हे रूप आले, आणि पुढे तेच कायम झाले. तीनच वर्षांपूर्वी नेपल्सच्या राजाने ॲडमिरल नेल्सनला ‘ड्यूक ऑफ ब्राँटे’ हा किताब दिला होता. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ मेघगर्जना असा होतो.

फी-सवलतीवर शिकणाऱ्या या विद्यार्थ्याची ओढाताण पाहून त्याच कॉलेजातील हेन्री मार्टिन यांनी 1804 मध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढणारे खासदार विल्यम विल्बरफोर्स यांच्याकडे शब्द टाकला आणि विल्बरफोर्स व त्यांचे सहकारी हेन्री थॉर्नटन यांनी दरसाल प्रत्येकी दहा पौंडांची मदत सुरू केली. हेच मार्टिन पुढे ईस्ट इंडिया कंपनीचे धर्मगुरू म्हणून हिंदुस्थानात आले, त्यांनी बायबलमधील नव्या कराराचे उर्दू भाषांतर केले आणि 1811 मध्ये इराणला जाताना ते मुंबईत थांबले होते. ज्या हाताने एका गरीब विणकराच्या शिक्षणासाठी पत्र लिहिले, त्याच हाताने हे भाषांतर झाले, हे आपण ध्यानात ठेवावे असे मला वाटते.

पॅट्रिक यांच्या पत्नी मराया ब्रॅनवेल या कॉर्नवॉलमधील पेन्झान्सच्या सुखवस्तू, मेथडिस्ट पंथाच्या व्यापारी घराण्यातल्या. 29 डिसेंबर 1812 रोजी गाइझली येथील चर्चमध्ये एकाच वेळी दोन लग्ने लागली: पॅट्रिक यांचे मराया यांच्याशी आणि त्यांचे पाळक मित्र विल्यम मॉर्गन यांचे मराया यांच्या आत्तेबहिणीशी. दोन्ही मित्रांनी एकमेकांची लग्ने लावली. त्याच दिवशी तिकडे पेन्झान्सला मराया यांच्या धाकट्या बहिणीचेही लग्न लागले.

सहा मुले झाली. हॉवर्थला आल्यावर दीड वर्षाच्या आतच, सप्टेंबर 1821 मध्ये मराया गेल्या. 1825 मध्ये थोरल्या दोन मुली शाळेतून आजारी होऊन परतल्या आणि दगावल्या.

स्वतःचे दुःख उराशी धरून या पाळकाने गावासाठी पत्रे लिहिली. हॉवर्थमध्ये गिरण्या आल्या होत्या, वस्ती दाटली होती, पिण्याचे पाणी घाण होते, आणि कोणाला किती वयाला पुरले याचा हिशेब दफनाच्या नोंदवहीतून त्यांच्या डोळ्यांसमोरच होता. 1849 मध्ये त्यांनी गावकऱ्यांच्या सह्यांसह सरकारच्या आरोग्य मंडळाकडे अर्ज केला. 1850 मध्ये आलेले निरीक्षक बेंजामिन हर्शेल बॅबेज यांनी जे लिहिले ते वाचवत नाही: दहा वर्षांत 1,344 दफने, मृत्यूचे सरासरी वय 25.8 वर्षे, आणि शंभरातली 41 मुले वयाची सहा वर्षे पुरी करण्याआधीच गेलेली. आडव्या शिळांनी दफनभूमी इतकी झाकली होती की तिथे झाडझाडोरा उगवायला जागा उरली नव्हती. पुढे पाण्याची सोय होण्यासाठी पॅट्रिक वर्षानुवर्षे पाठपुरावा करीत राहिले.

त्याआधी 1846 च्या ऑगस्टमध्ये, डोळे जवळजवळ गेलेले असताना, मँचेस्टर येथे त्यांच्या एका डोळ्यातील मोतीबिंदू काढला गेला. भूल देण्याची सोय तेव्हा नव्हती. सुमारे पाव तास ते शुद्धीवर राहून निश्चल पडून होते, आणि त्यानंतरचे काही आठवडे अंधाऱ्या खोलीत, डोळ्यांवर पट्टी बांधून. घरी औषधांचे एक जाडजूड पुस्तक होते. त्याच्या समासात त्यांनी या शस्त्रक्रियेची हकीकत बारीक अक्षरात टिपून ठेवली. सोबतीला आलेल्या शार्लटने त्याच मुक्कामात ‘जेन एअर’ ही आपली प्रसिद्ध कादंबरी लिहायला घेतली.

1848 च्या सप्टेंबरात मुलगा ब्रॅनवेल, डिसेंबरात एमिली, 1849 च्या मे महिन्यात ॲन आणि 31 मार्च 1855 रोजी शार्लट गेली. एकालाही मूलबाळ नव्हते. रोज रात्री झोपायला जाताना जिन्याच्या मधल्या टप्प्यावरच्या उंच घड्याळाला किल्ली देण्याची त्यांची पद्धत होती. घरात आता ते, जावई, म्हणजे शार्लटचे पती आर्थर बेल निकल्स, आणि गडीमाणसे एवढेच उरले होते. त्या वर्षीच्या जूनमध्ये त्यांनी मृत्युपत्र केले.

7 जून 1861 रोजी, वयाच्या 84 व्या वर्षी, पॅट्रिक ब्राँटे वारले. जावई आयर्लंडला परत गेला. मृत्युपत्रात आयर्लंडमधल्या भावंडांसाठी 40 पौंड सारखे वाटून द्यावेत असे लिहिले होते, आणि याआधीही आपण त्यांना वेळोवेळी बरीच रक्कम दिली असल्याची नोंद त्याच ओळीत होती.