कुठे धरायचं ते कळलं की भंगार वाजतं

तर मंडळी, आधी हा पाइप बघा. ॲल्युमिनियमचा आहे, पोकळ, ६० सेंटिमीटर लांब, जुन्या पडद्याचा दांडा होता. आता मी तो मधोमध मुठीत गच्च धरतो आणि स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने मारतो. टक. संपलं. आता हाच पाइप एका टोकापासून साडेतेरा सेंटिमीटरवर दोरा बांधून लटकवतो आणि मघाशी मारलं होतं तिथेच पुन्हा मारतो... ऐका, अजून वाजतोय. अजून. मागच्या रांगेपर्यंत पोचला ना?

पाइप तोच, मारायची जागा तीच आणि जोरही तेवढाच. फक्त धरायची जागा बदलली. आज मला जे सांगायचंय ते एवढ्याभोवतीच आहे, कारण भंगारातून वाद्य करायचं म्हटलं की लोक लगेच कापायला, चिकटवायला, ठोकायला लागतात आणि मग म्हणतात आवाजच येत नाही. आवाज त्यात असतोच हो, आपण तो दाबून ठेवलेला असतो. म्हणून कुठलीही वस्तू हातात आली की करवत लांब ठेवायची, ती वस्तू दोन बोटांत हलकी धरायची, दुसऱ्या हाताने टिचकी मारत राहायची आणि धरायची जागा थोडी थोडी सरकवत न्यायची. एका ठिकाणी ती अचानक बोलते. तिथे पेनाने खूण करा.

असं का होतं? पाइपला मारलं की तो वाकतो, मधला भाग वर जातो तेव्हा दोन्ही टोकं खाली जातात आणि उलट, आणि या सगळ्या हालचालीत दोन जागा अशा असतात की त्या जवळजवळ हलतच नाहीत. सरळ, सगळीकडे सारख्या जाडीच्या पट्टीत किंवा पाइपात त्या प्रत्येक टोकापासून लांबीच्या साधारण २२.४ टक्क्यांवर येतात, ६० सेंटिमीटरला म्हणजे १३.४. तिथे दोरा बांधा, फोम लावा, काहीही करा, सूर मरत नाही, कारण जे हलतच नाहीये त्याला अडवणार काय! मधोमध धरलं तर जिथे भरपूर हालचाल आहे तिथेच ब्रेक लावला. सपाट लाकडी पट्टी असेल तर हे डोळ्यांनीही दिसतं, पट्टी फोमच्या दोन तुकड्यांवर ठेवा, वर बारीक मीठ पसरा आणि मधे हलकं हलकं मारत राहा, मीठ उड्या मारत मारत त्या दोन रेघांवर जाऊन बसतं. क्लाड्नी नावाच्या जर्मन माणसाने पत्र्यावर वाळू टाकून असल्या आकृत्या दाखवल्या आणि १७८७ मध्ये छापल्या, आणि आजही पट्टी कुठे टेकवायची हे शोधायला यापेक्षा सोपी युक्ती मला माहीत नाही.

आता सूर. इथे बहुतेक जण अडकतात, म्हणून जरा थांबून सांगतो. तार निम्मी केली की सूर बरोबर एक सप्तक वर जातो हे बऱ्याच जणांना माहीत असतं, आणि तोच हिशोब ते ठोकायच्या पाइपाला लावतात आणि फसतात. ठोकायचा पाइप निम्मा केला की कंपनं चौपट होतात, म्हणजे सूर थेट दोन सप्तकं वर! म्हणून एकच सप्तक वर हवं असेल तर लांबी ०.७०७ ने गुणायची, ६० चा सा असेल तर वरचा सा ४२.४ वर मिळतो आणि पंचम ४९ च्या आसपास. कापताना नेहमी दोन-तीन मिलिमीटर जास्त ठेवा, कारण टोकाला कानस मारून सूर चढवता येतो पण कापलेलं परत जोडता येत नाही. सूर फारच चढला तर सपाट पट्टीला खालच्या बाजूने मधोमध थोडं घासा, तिथे पट्टी पातळ झाली की ती लवचीक होते आणि सूर उतरतो. झायलोफोनच्या पट्ट्या खालून कमानीसारख्या कोरलेल्या असतात त्यातही हेच तत्त्व वापरलेलं असतं.

आणि हाच पाइप तुम्ही फुंकायला घेतलात, किंवा त्याच्या तोंडावर चप्पल मारून वाजवलात, तर हिशोब पुन्हा वेगळा, कारण आता धातू वाजत नाहीये, आतली हवा वाजतेय. एक टोक बंद असलेल्या नळीत ४४० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ४४० कंपनांचा सूर हवा असेल तर साधारण १९.५ सेंटिमीटर लांबी लागते, दोन्ही टोकं उघडी असतील तर ३९, प्रत्यक्षात त्याहून किंचित कमी ठेवावी लागते कारण हवेची हालचाल उघड्या तोंडाच्या थोडी बाहेरपर्यंत जाते. इथे मात्र निम्मं केलं की एकच सप्तक. प्लास्टिकच्या नळीला ठोकून काही मिळत नाही पण तिच्यातली हवा मस्त वाजते, म्हणून प्लंबिंगचे उरलेले तुकडे फेकू नका.

काय वाजतंय हे आधी ओळखायचं, हे कळायला काचेच्या बाटलीसारखा गुरू नाही. जलतरंग ऐकलेल्यांना माहीत असेल, पाणी वाढवलं की ठोकल्यावर सूर खाली येतो, कारण काचेला आता पाण्याचं वजन घेऊन हलायचंय. त्याच बाटलीच्या तोंडावर फुंकर मारा, आता पाणी वाढवलं की सूर वर जातो, कारण आत हवेला जागाच कमी उरली! एकच बाटली, एकच पाणी आणि दोन उलट्या दिशा. मुलांना शिकवत असाल तर दुसरं काही दाखवलं नाही तरी चालेल, हे दाखवाच, त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

तारवाद्याकडे येऊ. हा पत्र्याचा डबा, ही लाकडी काठी, ही मासेमारीची नायलॉनची दोरी. काठी डब्याच्या आरपार घातलीय, म्हणजे तारेचा ताण काठी सोसते आणि डब्याचा तळ मोकळा राहतो. पुन्हा तेच बघा, वाजणाऱ्या भागावर ओझं टाकायचं नाही. तार घोडीवरून, म्हणजे तारेखालच्या छोट्या आधारावरून जाते आणि घोडी डब्याच्या तळावर उभी, तीच तारेचं कंपन पत्र्यात उतरवते, एकट्या तारेचा आवाज पुरत नाही कारण ती फार थोडी हवा ढकलते. सायकलच्या ब्रेकची वायर लावून बघतात लोक, पण ती बऱ्याच बारीक तारा पिळून केलेली असते, त्या एकमेकींवर घासतात आणि आस राहत नाही, सूर लांबत नाही. धातूचीच हवी असेल तर एकेरी स्टीलची तार घ्या. पडदे, म्हणजे सतारीसारख्या तारेखालच्या आडव्या पट्ट्या, बसवायचे असतील तर उरलेल्या लांबीला दरवेळी १७.८१७ ने भागायचं, ६० सेंटिमीटर तारेला पहिला पडदा ३.३७ वर, मग उरलेल्या ५६.६३ ला पुन्हा भागा, असं करत बारावा पडदा बरोबर ३० वर यायला हवा, नाही आला तर हिशोब तपासा. पण माझं ऐकाल तर पहिल्या वाद्याला पडदे नकोतच, काचेची छोटी बाटली तारेवरून सरकवत वाजवा, कान तयार होतो.

आता एक गोष्ट मी जरा आग्रहाने सांगणार आहे. भंगारातल्या वाद्याचा आवाज "स्वच्छ" करायच्या मागे लागू नका. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा का सरकवतात? तार घोडीला हलकी शिवत राहावी आणि तो झणझणाट यावा म्हणूनच ना! आपल्याकडे ही जवारी, म्हणजे हा झणझणाट, काढणं हे कारागिराचं मोठं कौशल्य मानतात. आफ्रिकेत झिंबाब्वेच्या एम्बिरावर, म्हणजे धातूच्या पट्ट्या अंगठ्यांनी छेडायच्या वाद्यावर, पूर्वी शिंपले लावायचे, आता बाटल्यांची पत्र्याची झाकणं लावतात, मुद्दाम, सुराला घरघर यावी म्हणून. काँगोमध्ये किन्शासाच्या कोनोनो नंबर वन या मंडळींनी जुन्या गाड्यांच्या भागांतले मॅग्नेट काढून आपल्या लिकेंबेसाठी, म्हणजे एम्बिरासारख्याच वाद्यासाठी, मायक्रोफोन बनवले, त्यातून आवाज फाटायचा, आणि त्यांनी तो फाटका आवाजच आपलासा केला, जगभर लोक त्यावर नाचले. तेव्हा तुमच्या डब्यातून घरघर आली तर आधी ऐका, आवडतेय का बघा, मग ठरवा ठेवायची की काढायची.

भंगारातली वाद्यं म्हणजे मुलांचा टाइमपास असं ज्यांना वाटतं त्यांनी त्रिनिदादचं स्टीलपॅन बघावं. तिथे इंग्रजांच्या राजवटीत १८८० च्या दशकात कातडी ढोलांवर बंधनं आली, लोकांनी बांबू आपटून ताल धरला, मग १९३० च्या दशकात बिस्किटांचे डबे, रंगाचे डबे, गाड्यांचे भाग वाजवायला सुरुवात केली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला ५५ गॅलनच्या तेलाच्या पिंपापर्यंत पोचले. पिंपाचा तळ हातोडीने खोल वाटीसारखा ठोकतात, त्यात प्रत्येक सुराची वेगळी जागा उठवतात, मोठी जागा खालचा सूर, छोटी जागा वरचा. चांगला कारागीर प्रत्येक जागेत मूळ सुराबरोबर त्याचं वरचं सप्तकही मिळवतो म्हणून तो आवाज इतका चमकतो. १९५१ मध्ये त्यांचा वाद्यवृंद लंडनला फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनमध्ये वाजला आणि आज ते त्यांचं राष्ट्रीय वाद्य आहे.

पॅराग्वेमध्ये असुन्सिऑनजवळ कातेउरा नावाचं कचऱ्याचं आगर आहे, तिथे फाविओ चावेसने मुलांना संगीत शिकवायला घेतलं आणि मुलं जास्त, वाद्यं कमी अशी वेळ आली, तेव्हा कचरा वेचणाऱ्या निकोलास गोमेसने त्याच कचऱ्यातून वाद्यं घडवली, तेलाच्या पिंपाचा चेलो, डब्यांची व्हायोलिनं, पाइपाचा सॅक्सोफोन. ही मुलं पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत वाजवतात. आणि अमेरिकेतला संगीतकार हॅरी पार्च, त्याला एका सप्तकात ४३ सूर हवे होते, बाजारातलं कुठलं वाद्य ते देणार? मग स्वतःच वाद्यं केली. बर्कलीच्या रेडिएशन प्रयोगशाळेतून टाकून दिलेले काचेचे मोठे बुधले आणले, कापले, टांगले. एक फुटला की त्याच सुराचा दुसरा मिळणं मुश्कील, तरी केलं.

इथवर सुरांचं झालं, पण ज्यांना सा-रे-ग-म मध्ये जायचंच नाही त्यांच्यासाठीही रस्ता मोकळा आहे. लुइजी रुसोलो या इटालियन चित्रकाराने १९१३ मध्येच म्हटलं की कारखाने, ट्राम, इंजिनं यांचा गोंगाट संगीतात आला पाहिजे, आणि त्यासाठी खोकी बांधली, आत चाक आणि तार, बाहेर कर्णा. १९४० मध्ये अमेरिकन संगीतकार जॉन केजने पियानोच्या तारांमध्ये स्क्रू आणि बोल्ट अडकवून एकट्या पियानोतून अख्खा तालवाद्यवृंद काढला. १९४८ मध्ये फ्रान्सच्या पिएर शेफरने रेल्वेचे रेकॉर्ड केलेले आवाज जोडून रचना केली. स्विस शिल्पकार जाँ तिंगेलीने तर १९६० मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या बागेत भंगाराचं एक प्रचंड यंत्र उभं केलं, त्यात चाकं, मोटारी, एक पियानो, आणि ते वाजत वाजत स्वतःलाच मोडत गेलं.

तुम्हाला घरी असं काही करायचं असेल तर पिएझो डिस्क शोधा. पितळेची पातळ चकती, मधे पांढरा गोल, जुन्या बझरमध्ये, वाजणाऱ्या खेळण्यांमध्ये सापडते. दाब पडला की वीज, हा गुण क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवला, आणि वीज दिली की हालचाल, हे पुढच्या वर्षी. एक वायर पांढऱ्या भागाला, एक पितळेला, सोल्डरचा डाग पटकन द्या, फार वेळ तापवलं तर खराब होते. ही चकती हवेतलं नाही, ज्याला चिकटवाल त्याचं ऐकते. कंगव्याचे दात, स्प्रिंग, कुंपणाची तार, सायकलचं चाक, अहो गंजलेलं बिजागर हळूहळू फिरवताना त्यातून जे ऐकू येतं ना, मी तासन्‌तास ऐकू शकतो! फक्त एक लक्षात ठेवा. कॉम्प्युटरच्या किंवा साउंड मिक्सरच्या साध्या लाइन इनपुटला लावली तर आवाज पातळ, पत्र्यासारखा येतो आणि लोक चकतीला नावं ठेवतात. चकती साधारण २० नॅनोफॅरडच्या कपॅसिटरसारखी, म्हणजे थोडीशी वीज साठवणाऱ्या भागासारखी वागते, १० किलोओहमच्या इनपुटला (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) जोडली की ८०० हर्ट्झच्या खालचं बरंचसं गळून जातं. गिटारच्या ॲम्प्लिफायरचं इनपुट १ मेगाओहमच्या घरातलं असतं, तिथे तोच खालचा घुमारा पूर्ण येतो.

खेळण्यांचे सर्किट उघडून वायरी इकडेतिकडे जोडून आवाज बदलणारेही आहेत, जरूर करा, पण बॅटरीवर चालणाऱ्याच वस्तू. प्लगवाल्या वस्तूला हात नाही. जुना टीव्ही, मायक्रोवेव्ह बंद असला तरी त्यात जीवघेणा चार्ज राहू शकतो. पत्र्याच्या कडा घासा, आणि ज्या पिंपात केमिकल होतं ते कितीही चांगलं वाजलं तरी घरात आणू नका.

मघाशी कुणीतरी विचारलं की दहा जणांनी दहा वस्तू आणल्या तर सगळ्यांचा सूर जुळणार कसा. सगळ्यात आधी ज्याचा सूर बदलता येत नाही ती वस्तू शोधा, एखादा जाड भांड्याचा तळ किंवा लोखंडी चाक, आणि तोच सा धरा. मग तारा त्याला मिळवा, बाटल्यांत पाणी कमी-जास्त करा आणि पाइप शेवटी कापा.