टाच टेकली की नाही

[दृश्य: दांडिया बजार, पहाट. जुन्या दाराआडून दम टाकल्याचे आवाज.]

बडोद्यात पहाटे सहाच्या सुमारास दांडिया बजारातून गेलात, तर दुधाच्या गाड्यांच्या खडखडाटामागून हे हुंकार ऐकू येतील. हे जुम्मादादा व्यायाम मंदिर. गावात मात्र याला माणिकरावांचा आखाडाच म्हणतात. १८८० सालापासून इथे जोर, बैठका, मलखांब, लाठी चालू आहे. माझे आजोबा इथे यायचे, बाबा यायचे, मग मीही येऊ लागलो.

आणि संध्याकाळी मी दुसरीकडे असायचो. दोन गल्ल्या सोडून एक खोली होती, दाराला जाड पडदा, आत व्हिडिओ गेमची चार मशिनं. त्यातल्या एकापुढे कायम गर्दी असायची. स्ट्रीट फायटर २. जपानच्या कॅपकॉमचा १९९१ सालचा गेम. एक काडी, सहा बटणं, आणि मागे उभा राहून 'आता खाली-पुढे, खाली-पुढे' असं ओरडणारा कुणीतरी मोठा दादा.

सकाळच्या मातीत शिकवलं जायचं की जोर पायातून येतो. संध्याकाळच्या पडद्यावर तर पायांतून जोर येताना दिसतच नव्हता. दोघं लढवय्ये एकाच रेषेवर, कायम बाजूने दिसणारे, जमिनीशी फारसं नातं नसलेले. तरीही ठोसा लागला की पोटात कळायचं. का, ते पुष्कळ वर्षांनी समजलं. मार लागतो त्या क्षणी गेम दोन्ही आकृत्या थिजवतो. अगदी डोळ्याचं पातं लवेल एवढाच वेळ. मारणाराही थांबतो, खाणाराही थांबतो, आणि त्या थांबण्यातून आपल्या मनात वजन तयार होतं. फार हुशारीची युक्ती आहे ही. पण ती गेमची युक्ती. चित्रपटात दर फटक्याला माणसं थिजवता येत नाहीत.

मग १९९४ साली या गेमचा ॲनिमेटेड चित्रपट करायला घेतलेल्या माणसांनी काय केलं? आजची आपली ही फिल्म त्याबद्दल आहे.

[दृश्य: कागदावर पेन्सिलने उमटणारं पाऊल. टाच, तळवा, बोटं.]

'स्ट्रीट फायटर २: द ॲनिमेटेड मूव्ही' जपानमध्ये ऑगस्ट १९९४ मध्ये लागला. दिग्दर्शक गिसाबुरो सुगी, निर्मिती ग्रुप टॅक या स्टुडिओची, पात्रांची रेखाटनं शुको मुरासे यांची. सुगींचं नाव पाहून जपानी प्रेक्षकाला नवल वाटलं असणार. आकाशगंगेतून धावणाऱ्या रेल्वेचा, जवळजवळ ध्यानस्थ म्हणावा असा चित्रपट त्यांनी १९८५ साली केला होता. बेसबॉल खेळणाऱ्या जुळ्या भावांची हळुवार मालिकाही त्यांचीच. शांततेचा माणूस, आणि त्याच्या हाती मारामारी.

मला वाटतं, म्हणूनच ती मारामारी जमली.

सुरुवातच बघा. रात्र, वादळ, वाऱ्याने आडवं होणारं गवत. समोरासमोर गेमचा नायक र्‍यू आणि थायलंडचा मुष्टियोद्धा सगात. बराच वेळ कोणी बोलतच नाही. वीज चमकते तेव्हा सगातचा अजस्र देह कळतो, आणि पहिली लाथ बसते तेव्हा र्‍यू नुसता मागे जात नाही, त्याचा तोल जातो, पाय जमीन शोधतात. गेममध्ये रोज शंभर वेळा मारलेली ती उसळी, शोर्‍युकेन, इथे सगातची छाती चिरत जाते. ऊर्जेचा गोळा, हादोकेन, अगदी शेवटी येतो. तो राखून ठेवलेला असल्यामुळे आपणही श्वास धरून बसतो.

लढती बसवण्यासाठी त्यांनी खऱ्या लढवय्यांना बोलावलं होतं. के-१ या लढतींच्या स्पर्धेचे संस्थापक काझुयोशी इशी, आणि कराटेतून आलेला स्वित्झर्लंडचा अँडी हुग. हुगची लाथ वरून कुऱ्हाडीसारखी खाली यायची. अशी माणसं शेजारी असली की चित्रकाराला विचारता येतं: लाथ वर जाताना दुसरा पाय काय करतो? चित्रकाराला उत्तर तिथेच मिळतं, आणि ते पडद्यावर दिसतं.

[दृश्य: सयाजीबाग, संग्रहालयाकडे जाणारी वाट. मग जुनं कोरीवकाम, मल्लांच्या आकृत्या.]

या चित्रपटातली सगळ्यात गाजलेली लढत गेममधली चिनी लढवय्यी चुन-ली आणि वेगा यांची. रात्री, तिच्या घरात. वेगा स्पेनचा, मुखवटा घातलेला, एका हाताला लोखंडी नखं बांधलेला. (जपानमध्ये याचं नाव बालरॉग. अमेरिकेत नेताना गेममधल्या आणखी एका मुष्टियोद्ध्याचं 'एम. बायसन' हे नाव माइक टायसनच्या फार जवळचं वाटलं, म्हणून तीन खलनायकांची नावं आपसात बदलली. त्यामुळे दोन देशांतले चाहते आजही एकमेकांशी बोलताना गोंधळतात.) लढत सुरू होण्याआधीचं चुन-लीच्या अंघोळीचं दृश्य मला तेव्हाही नको वाटलं, आजही नकोच वाटतं. त्याची कथेला काहीच गरज नाही. पण पुढची लढत मात्र बघत राहावी अशी. नखं हवेत फिरतात, ती मागे सरते, आणि प्रत्येक ओरखडा तिच्या हालचालीत राहतो. ती हळू होत जाते. थकवा हातानं चित्र काढून दाखवणं किती अवघड, हे कुठल्याही ॲनिमेशन करणाऱ्याला विचारा.

नखं म्हटलं की बडोदेकराला आणखी काही आठवायला हवं. खंडेराव महाराजांच्या काळात, १८६०च्या दशकात, लुई रूसले हा फ्रेंच प्रवासी इथे आला. हाताला शिंगाची नखं बांधून केलेली कुस्ती त्याने दरबारात पाहिली आणि लिहून ठेवली. गायकवाडांच्या आश्रयाला ज्येष्ठीमल्ल होते, मोढेराकडचे, वज्रमुष्टी, म्हणजे मुठीत आयुध घालून करायची कुस्ती, लढणारे. त्यांच्या विद्येचा 'मल्लपुराण' हा ग्रंथ १९६४ साली इथल्याच प्राच्यविद्या मंदिराने छापला. वेगाचा याच्याशी काही संबंध नाही, त्याची नखं जपानी कल्पनेतली. पण ज्या गावात रक्त काढणारी नखं खरोखर लढली, त्या गावात बसून ती लढत पाहताना माझ्या अंगावर वेगळाच काटा येतो.

गेममधला भारतीय योगी धालसिम, त्याच्याबद्दलही बोलायला हवं. गळ्यात कवट्या, रबरासारखे ताणणारे हात, तोंडातून आग, आणि मागे सोंडा उंचावणारे हत्ती. आम्ही पोरं त्याला 'आपला' म्हणून निवडायचो आणि बहुतेक हरायचो. योग म्हणजे पोटातून आग काढणं, हे घरी कोणाला सांगायची सोय नव्हती. चित्रपटात तो सुमो पैलवान ई. होंडाशी लढतो, आणि तिथे गर्दीत फळं विकणारा एक माणूस क्षणभर दिसतो. तो अकुमा. गेमचा छुपा योद्धा, टोपलीमागे. तो पहिल्यांदा सापडला त्या दिवशी मी मित्राच्या घरी सायकल मारत गेलो होतो.

पुढे चित्रपटाने गेमलाही परतफेड केली. केन या मित्राच्या केसांची लाल फीत र्‍यूकडे कशी आली, हे इथे दिसलं आणि १९९५पासूनच्या 'झीरो' या गेममालिकेने ते उचललं. र्‍यू-केन मिळून मुख्य खलनायक बायसनशी (हे त्याचं अमेरिकेतलं नाव) लढतात, तो शेवटही त्या गेममध्ये दोघांना मिळून खेळता येऊ लागला.

[दृश्य: आखाडा. मोबाइलचा उजेड एका वृद्ध चेहऱ्यावर.]

गेल्या महिन्यात अप्पांना मी ती पहिली लढत दाखवली. अप्पा इथे चाळीस वर्षं मुलांना शिकवतायत. मी म्हटलं, "अप्पा, आवाज बंद करून बघा." त्यांनी चष्मा वर केला. सगातची लाथ आली तसं त्यांनी बोटाने थांबवलं, मागे नेलं, पुन्हा बघितलं.

"याची टाच टेकलीय बघ," ते म्हणाले. "काढणाऱ्याने कधी तरी कुस्ती पाहिलीय."

मग त्यांनी मोबाइल परत दिला आणि मलखांबाकडे वळले. तिथे एक आठ वर्षांचा मुलगा दोन्ही तळवे कमरेपाशी आणून, र्‍यूसारखा उभा राहून माझ्याकडे बघत होता. अप्पांनी काही न बोलता त्याच्या मागच्या पायाची टाच हाताने धरली आणि जमिनीला टेकवली.