सगळं गौरव प्रभूला, आणि ट्रॉफी?

(दोहा येथील मंडळाच्या नाताळ मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी थोडं आवरून.)

नगरवाल्यांना सलाम, वसईवाल्यांना जय ख्रिस्त, आणि या दोन्हींत न मोडणाऱ्या पुणे-मुंबईकरांना गुड ईव्हनिंग.

समितीनं मला दहा मिनिटं दिली आहेत. मिरजेला नर्सिंग शिकलेल्या बाईचा दहा मिनिटांत अर्धा वॉर्ड उरकतो, पण बोलायचं म्हटलं की गोष्ट वेगळी. आमचे हे तिसऱ्या रांगेत मनगटावर बोट ठेवून बसलेच आहेत. विषय ‘उपासनेतलं गौरव’. खरं तर पाळकसाहेबांनी बोलावं असा. पण ते म्हणाले, सिस्टर, गेल्या मेळाव्यात तुमचाच सत्कार झाला ना, मग तुम्हीच बोला.

तिथंच सगळा घोळ झालाय. तुम्ही मला काचेची ट्रॉफी दिलीत. खाली सोनेरी अक्षरांत माझं नाव, त्याहून ठसठशीत अक्षरांत प्रायोजकांचं. मी माइक हातात घेतला आणि आपण सगळेच म्हणतो ते म्हणाले, “सगळं गौरव प्रभूला.” तुम्ही टाळ्या वाजवल्या. घरी जाताना ट्रॉफी नातवाच्या मांडीवर होती. आठ वर्षांचं पोर. सिग्नलला गाडी थांबली तसं म्हणालं, “आजी, सगळं देवाला दिलंस ना? मग ही आपल्या घरी कशी चाललीय?”

मुलगा हसला, सून हसली. आमच्या ह्यांना तर ठसकाच लागला. मी म्हटलं, अरे, तसं म्हणायची पद्धत असते. “म्हणजे खोटं?” खोटं नाही रे. मग काय, ते मला सांगता येईना. घरी येऊन ट्रॉफी मात्र मी अशी ठेवली की दार उघडल्याबरोबर दिसावी.

आता घरातलं भांडण सांगते, म्हणजे विषयाला हात घातल्यासारखं होईल. आमच्या घरी प्रभूच्या प्रार्थनेला दोन शेवट आहेत. हे वसईचे, कॅथलिक. ‘वाइटापासून सोडव’ झालं की आमेन म्हणून मोकळे. मी नगरची, प्रोटेस्टंट. माझं ‘राज्य, पराक्रम, गौरव’ पुढं चालूच, एकटीचं. नव्या नवलाईत यावरून आमची जुंपायची. मी म्हणायची, तुम्ही लोक देवाचं गौरव खाता. हे म्हणायचे, ते शेपूट तुम्ही मागाहून लावलंय. कागदोपत्री ह्यांचंच बरोबर, हे माझ्या तोंडून ऐकायला ते आज आलेत. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सगळ्यांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ते वाक्य नाही. पण ‘डिडाखे’ म्हणून ख्रिस्ती मंडळीच्या अगदी सुरुवातीच्या काळातली एक छोटी पुस्तिका आहे, तिच्यात प्रार्थनेच्या शेवटी पराक्रम आणि गौरव आहे. आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा, म्हणजे त्यांची मुख्य उपासना, नव्यानं बसवली, तेव्हापासून कॅथलिक लोकही फादरांची मधली छोटी प्रार्थना झाली की तेच म्हणतात. तेव्हा फिट्टंफाट.

मला नवल वाटतं ते त्या पहिल्या मंडळीचं. प्रभूनं शिकवलेली प्रार्थना पुरेशी नव्हती का? भाकर मागून झाली, क्षमा मागून झाली, सुटका मागून झाली. मग कुणाला तरी वाटलं असणार की मागणं थांबवून एक वाक्य असं म्हणावं ज्यात आपल्या हाती काहीच पडत नाही. राज्य तुझं, पराक्रम तुझा, गौरव तुझं. रोज म्हणायला सोपं. पोरानं विचारलं ते नेमकं इथलंच: तुझं म्हणालीस, मग सोडलंस का?

शास्त्रात हे गौरव, म्हणजेच देवाचं तेज, दिसतं तिथं माणसाला बाजूला व्हावं लागतं. मोशेनं हट्ट धरला, तुझं तेज मला दाखव. त्याला खडकाच्या कपारीत उभं केलं, वर हात धरला, आणि दिसलं ते पाठमोरं. शलमोनाच्या मंदिराचं अर्पण झालं तेव्हा एवढी तयारी, एवढे याजक, आणि मेघानं मंदिर असं भरून गेलं की याजकांना सेवेसाठी उभंच राहता येईना. कार्यक्रमपत्रिका तिथंच संपली! आपल्या सांस्कृतिक समितीचं काय झालं असतं, विचार करा. आणि बेथलेहेमात? मंदिर हाकेच्या अंतरावर नसलं तरी फार लांबही नव्हतं. तेज फाकलं ते रानात, रात्रपाळीवाल्या मेंढपाळांभोवती. रात्रपाळी काय असते ते मला विचारा.

याकोब आणि योहान प्रभूकडे गेले, म्हणाले, तुझ्या गौरवात आम्हाला एक उजवीकडे, एक डावीकडे बसव. आपल्या पहिल्या रांगेच्या अर्जांसारखाच तो अर्ज. योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू म्हणतो, माझ्या गौरवाची घटका आली आहे, आणि तो बोलतोय वधस्तंभाबद्दल. त्या घटकेला उजवी-डावीकडच्या जागा मिळाल्या दोन लुटारूंना. हे मी नातवाला अजून सांगितलेलं नाही. तो पुढचा प्रश्न काय विचारेल याची मला धास्ती आहे.

इथं जुने लोक बसलेत त्यांना चर्च नव्हतं तेव्हाच्या व्हिलातल्या उपासना आठवत असतील. पडदे ओढलेले, चपला आत घेतलेल्या, पेटी दबक्या आवाजात, आणि कुणीतरी तबल्यावर रुमाल टाकलेला. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं नगरला अंगणात टाळ कुटत म्हणायची सवय, इथं ती गुणगुणायची. मग २००८ च्या मार्चमध्ये मेसैमीरला पहिलं चर्च उघडलं. अमीरांनी जागा दिली, त्याचे उपकार मानावे तेवढे थोडे. बाहेरून पाहिलं तर क्रूस नाही, घंटा नाही, मनोरा नाही. तिथल्या पहिल्या नाताळाला आमचे हे हिरमुसले. वसईत आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधी, चार आठवडे ‘ग्लोरिया’ हे देवाच्या गौरवाचं गीत बंद असतं आणि नाताळच्या मध्यरात्री ते घंटांच्या गजरात परत येतं. हे म्हणाले, घंटेशिवाय कसला ग्लोरिया? मी म्हटलं, तुमच्या घंटा १७३९ सालीच चिमाजीअप्पा घेऊन गेले, आता भीमाशंकरला आणि नाशकात नारोशंकराच्या देवळात वाजतात, तरी वसईचा ग्लोरिया थांबला का? त्या दिवशी मात्र ह्यांना उत्तर सुचलं नाही. (आज घरी गेल्यावर सुचेल.)

मी त्या काळात जुन्या करारातला यहेज्केल संदेष्टा पुन्हा वाचला. वाचून पाहा, आपल्यासारख्यांसाठीच आहे. हा याजकाच्या घरातला माणूस, यरुशलेमचं मंदिर मागं राहिलेलं, बंदिवान होऊन खास्दी लोकांच्या देशात, म्हणजे बाबेलात, खबार नदीकाठी येऊन पडलेला. सगळ्यांची समजूत, परमेश्वराचं तेज मंदिरात राहतं. आणि त्याला ते दिसलं परमुलखात, नदीकाठी, हद्दपार लोकांच्या वस्तीत. पुढं दहाव्या-अकराव्या अध्यायांत तेच तेज मंदिराच्या उंबरठ्यावरून उठतं, पूर्वेच्या दाराशी येतं आणि शहराबाहेरच्या डोंगरावर जाऊन थांबतं. इमारत तिथंच, याजक तिथंच, धूप चालू, आणि ते निघून गेलेलं. पहिला अध्याय वाचून मला धीर आला होता. दहावा वाचून झोप उडाली. कारण आपण आता स्थिरस्थावर झालोय. तबल्यावरचा रुमाल गेला, साउंड सिस्टिम आली, पडद्यावर ओळी येतात, मागं कॅमेरा फिरतो.

जरा बोलते, रागावू नका. साक्षीच्या वेळी, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायच्या वेळी, आपण काय सांगतो? प्रभूला गौरव असो, मुलाला कॅनडात अ‍ॅडमिशन मिळाली. प्रभूला गौरव असो, नवा व्हिला घेतला. आनंदाची गोष्ट आहे, सांगावी. पण ज्याला कंपनीनं कमी केलं तो कधी साक्षीला उभा राहिलेला मी पाहिला नाही. तो मागच्या दारानं निघून जातो, आणि नंतर आपल्याला कळतं की तो भारतात परत गेला. त्याच्याकडे देवाचं गौरव करण्यासारखं काही नव्हतं, असं आपणच त्याला न बोलता सांगितलं.

आणि पुढच्या दोन रांगांवर चिकटवलेले ते ‘राखीव’ कागद. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय काढा. सोन्याची अंगठी घातलेला सभेत आला की त्याला म्हणता इथं बस, गरीब आला की म्हणता तिथं उभा राहा. शुक्रवारी सुट्टी मिळालीच तर बस बदलून कामगारांच्या कॅम्पातून येणारी आपली पोरं आताही शेवटच्या रांगेत आहेत. दुपारी या खुर्च्या त्यांनीच लावल्या, रात्री तेच आवरतील. गेल्या वेळच्या सत्कारांत इंजिनियर होते, डॉक्टर होते, बँकवाले होते, एक मी होते. खुर्च्या लावणारा एकही नव्हता.

नातवाला मराठी वाचता येत नाही. स्मृतिचित्रे तो वाचणार नाही, ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकाची पानं त्याच्या हाती फाटणार नाहीत. गौरव कशाला म्हणतात हे तो या हॉलमध्ये पाहून शिकणार, आणि त्याची नजर फार बारीक आहे.

मी समितीला म्हटलं, पुढच्या वर्षी ट्रॉफ्या बंद करा. खजिनदार म्हणाले, मावशी, ट्रॉफ्या नाहीत तर प्रायोजक नाहीत, प्रायोजक नाहीत तर एवढ्या माणसांचं जेवण कोण घालणार? पहिल्यांदा काट मारावी लागेल ती कॅम्पातल्यांच्या फुकट कुपनांवर. खोटं नाही ते. मी रात्रभर विचार केला, मला काही सुचलं नाही. कुणाला सुचलं तर जेवताना सांगा.

जेवणावरून आठवलं. आज पहिली पंगत शेवटच्या तीन रांगांची. मी खजिनदारांना विचारलंय, त्याला जादा पैसे पडत नाहीत. पुढच्या रांगांनी बसून राहायचं, मीसुद्धा. अहो, तुम्हीही!