दहा नंबरवरून सुटणारे अल्बम

[दृश्य : ठाणे स्टेशन, फलाट क्रमांक दहा. सकाळचे साडेआठ.]

ट्रान्स-हार्बरला, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईला जाणाऱ्या लोकलला, मेन लाइनइतकी मारामारी नसते म्हणतात. साडेआठला या आणि बघा. दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. अर्धा तास उभ्यानं. एक हात कडीला, दुसऱ्यात डब्याची पिशवी, मोबाइल खिशात. गाणं बदलायला हातच मोकळा नाही. अख्खा अल्बम ऐकायला याहून बरी जागा मला तरी सापडलेली नाही.

मी समीक्षक नाही. महाप्याला नोकरी करतो आणि दर शनिवारी घरच्या-दारच्या चारपाच जणांना व्हॉट्सॲपवर एकेक अल्बम सुचवतो. फिल्मी नाही. कुणीतरी स्वतःच्या हिमतीवर काढलेला, नाहीतर कंपनीनं काढला तरी कंपनीला न जुमानणारा. समोरचा विचारतो, "किती स्टार?" स्टार मी देत नाही. मी विचारतो, "कुठून कुठे जातोयस?"

म्हणजे बघा, सिंडी ली यांचा 'डायमंड ज्युबिली'. २०२४ साली आला तो यूट्यूबवर, एकाच लांबलचक व्हिडिओत. बत्तीस गाणी, दोन तासांहून थोडा जास्त. घासलेल्या टेपवर ऐकल्यासारखा आवाज. हा वाशीच्या गाडीत बसत नाही. हा शुक्रवारी संध्याकाळी घोडबंदर रोडला, गायमुखच्या घाटात अडकलेल्यांसाठी. त्यांना वेळच वेळ असतो.

[दृश्य : नौपाडा. जुनी इमारत, दुसरा मजला. स्वयंपाकघराची खिडकी.]

ही माझी आत्या. बँकेतून रिटायर झाली. कपाटावर अजून कॅसेटींचा खोका आहे आणि त्याला कुणी हात लावायचा नाही.

तिला मी आधी भलताच अल्बम दिला. पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी, दिल्लीचा बँड. २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्यांचा 'बीटा' आला. मला फार आवडलेला. त्यांचा सूर्यकांत साहनी जुन्या काळच्या क्लबातल्या गायकासारखा सैल, रेंगाळत गातो. आत्यानं तीन गाणी ऐकली आणि म्हणाली, "मुलगा बरा गातो रे, पण जेवून झोपायला निघाल्यासारखा." (आता मलाही तो तसाच ऐकू येतो, ही आत्याची कृपा.)

मग पाठवला अरूज आफताबचा 'व्हल्चर प्रिन्स', २०२१ चा. आत्या मेथी निवडत बसलेली, फोन डाळीच्या डब्याला टेकवलेला. 'मोहब्बत' सुरू झालं. पहिली ओळ पुरी व्हायच्या आत तिचा हात थांबला.

"अरे, हे तर मेहदी हसनचं!"

बरोबर. हफीज होशियारपुरींची गझल. मेहदी हसननी गायलेली ती आत्याच्या खोक्यात आहेच. इथे ती गाणारी मूळची पाकिस्तानी, राहते न्यूयॉर्कला, ब्रुकलिनमध्ये. याच गाण्यासाठी २०२२ साली तिला ग्रॅमी मिळालं आणि ग्रॅमी मिळालेली ती पहिली पाकिस्तानी ठरली. आत्याला ग्रॅमीचं काही नाही. तिचा प्रश्न वेगळा : "तबला कुठाय?" तबला नाही. आत्या म्हणाली, "ठेक्याची वाट बघत बसले, आणि गाणंच संपलं की." मग मेथी तशीच ठेवून तिनं ते पुन्हा लावलं.

पुढच्या शनिवारी माझ्या आधी तिचाच मेसेज. "हिचं अजून काही?" २०२४ चा 'नाइट रेन' पाठवला. त्यात अठराव्या शतकातल्या हैदराबादच्या शायरा मह लका बाईंचे शब्द आहेत, हे सांगितल्यावर आत्यानं चष्मा शोधला.

[दृश्य : येऊरचा चढ. पाऊस.]

मराठीत काय, असं हमखास विचारतात. तर 'स्वदेसी' ऐका. मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली असं सगळ्यांत रॅप करणारी मुंबईची मंडळी. २०२० चा त्यांचा 'चेतावणी'. त्याआधीचं 'द वारली रिव्होल्ट' आरेतल्या आदिवासींवर, त्यात तिथल्याच प्रकाश भोईर यांचा आवाज. येऊरच्या पाड्यांपलीकडे हेच जंगल चालत चालत आरेच्या बाजूला उतरतं. ठाणेकरांना वेगळं समजावून सांगायला नको.

थोडं पैशाचं. २०२४ पासून स्पॉटिफायवर एखादं गाणं वर्षात हजारापेक्षा कमी वेळा वाजलं तर त्याचे पैसे कलाकाराला मिळत नाहीत. बँडकॅम्प या गाणी विकणाऱ्या साइटवर डिजिटल अल्बम विकत घेतलात तर साइट साधारण पंधरा टक्के ठेवते, आणि काही ठरलेल्या शुक्रवारी तेही सोडते. मी वडापाव धरून महिन्याचा हिशेब मांडतो. एक अल्बम बसतो.

[दृश्य : नेरुळ स्टेशन, रात्र. रिकामा बाक.]

आता माझी चूक सांगतो.

माझा मावसभाऊ, दादा म्हणतो मी त्याला, नेरुळला नाइट शिफ्ट करतो. कॉलेजात द क्युअर या इंग्लिश बँडच्या कॅसेटी मला त्यानंच दिलेल्या. २०२४ च्या नोव्हेंबरात, सोळा वर्षांनी त्यांचा अल्बम आला, 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड'. मी उत्साहात त्याच दिवशी पाठवला. पहिल्या गाण्यात तीन मिनिटं नुसती वाद्यं. कळव्याची खाडी ओलांडून होते तरी आवाज लागत नाही. मी फक्त हे बघितलं. सहावं गाणं त्यांचे गायक रॉबर्ट स्मिथनी भाऊ गेल्यावर लिहिलंय, हे मला माहीत होतं. दादाचे वडील, आमचे काका, जाऊन तेव्हा पाच आठवडे झाले होते, हेही माहीत होतं. दोन्ही एकत्र सुचलं नाही.

हिशेब केला तर ते गाणं जुईनगर सोडताना लागतं. दादा नेरुळला उतरला आणि या बाकावर बसून राहिला. त्या रात्री कामावर गेला नाही.

पंधरा दिवस काही बोलला नाही. मग मेसेज आला : "शब्द नसलेलं काही आहे का?"

ब्लॅकस्ट्रॅटब्लूज. मुंबईचा वॉरन मेंडोन्सा, त्याची गिटार. २०१७ चा 'द लास्ट ॲनालॉग जनरेशन'. या वेळी पाठवण्याआधी मी तो स्वतः ठाणे ते नेरुळ ऐकत गेलो. रात्रीच्या गाडीनं, दादाच्या वेळेला. जुईनगरला काय लागतं ते बघायला.

[दृश्य : फलाट दहा. दादा पाठमोरा. इअरफोनची एक बाजू टेपनं चिकटवलेली. गाडी येते.]