घाट उतरताना मुलं जागी हवीत

(उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार. 'लहान मुलांना घेऊन प्रवास' असा विषय मला दिलाय, आणि समोर बसलेल्या बऱ्याच जणांच्या मांडीवर तो विषय आत्ताच चुळबुळ करतोय. त्यामुळे फार लांबण लावत नाही.

बॅगेत काय भरायचं याची यादी मी देणार नाही. जादा कपडे, पाणी, तापाचं औषध, एक रिकामी प्लास्टिकची पिशवी हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. मी नोकरीभर शाळेत भूगोल शिकवला, म्हणून आज एकच रस्ता घेऊन बोलते. पुण्याहून गुहागर, कराडवरून, कुंभार्ली घाटाने. साधारण तीनशे किलोमीटर. मोबाइल सांगतो सहा-सात तास. पाच वर्षांचं मूल सोबत असेल तर अख्खा दिवस धरा, आणि तो तसा धरला की अर्धी चिडचिड घरीच राहते.

कोकणात निघालं की प्रत्येक घरात एक सल्ला मिळतोच: पहाटे चारला निघा, पोरं झोपलेली असतात, रस्ता उरकतो. मला तो अर्धाच पटतो. पुणे ते कराड खुशाल झोपू द्या. खंबाटकी सोडला तर तो सगळा महामार्ग आहे, टोलनाके आहेत आणि सगळीकडे सारख्याच चवीचा वडा देणारे फूड मॉल आहेत. तो भाग उरका. कराडला मात्र मुलांना उठवा, कारण तिथून पुढे जे दिसतं ते दाखवायलाच तर आपण त्यांना गाडीत घातलंय. नाहीतर आजोळी ठेवून गेलो असतो की.

कराडला प्रीतिसंगमावर थांबा. कृष्णा आणि कोयना, दोघी महाबळेश्वरच्या. कृष्णा वाईवरून खाली येते, कोयना सह्याद्रीच्या कुशीतून दक्षिणेला जाऊन हेळवाकपाशी पूर्वेला वळते, आणि इथे दोघी समोरासमोर येऊन भेटतात. बाग आहे, यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. पुरी-भाजीचा डबा इथे उघडा. दशमी, तिखटमिठाच्या पुऱ्या, गुळपापडी, जे असेल ते. डबा गाडीत बसून खायचा नाही एवढं एक पथ्य पाळा.

तिथून रस्ता कोयनेच्या काठाने, पण नदीच्या उलट्या दिशेने वर जातो. पाटण येतं, लांब पठारावर पवनचक्क्या दिसायला लागतात. मुलं त्या मोजतात. मोजू द्या, चुकू द्या, एक वळण गेलं की आकडा बदलतोच. कोयनानगरला नेहरू उद्यानातून धरण दिसतं, 103 मीटर उंचीचं. आता इथे भूगोलाच्या मास्तरणीने गप्प बसणं किती अवघड असतं याची तुम्हाला कल्पना नाही! पण बसावं. मुलाला मेगावॅट सांगू नका. त्याला एकच कोडं घाला: आपण सकाळी ज्या नदीकाठी जेवलो तिचं पाणी इथे अडवलंय. ते इथून कुठे जातं? उत्तर लगेच द्यायचं नाही. ते मी पण तुम्हाला मागाहून देते.

घाट सुरू व्हायच्या आधी गाडी लागण्याविषयी बोलू. गाडी लागते म्हणजे काय होतं? आपल्या आतल्या कानात तोल सांभाळणारी यंत्रणा असते. तिला प्रत्येक वळण कळतं. मूल त्याच वेळी मान खाली घालून मोबाइल बघत असेल तर डोळे सांगतात, काही हलत नाहीये. कान एक सांगतो, डोळा दुसरं, आणि त्या भांडणात पोट ढवळतं. दोन वर्षांच्या आतल्या बाळांना हा त्रास सहसा होत नाही. त्यानंतर बारा-तेरा वर्षांपर्यंत तो जास्त असतो. म्हणजे ज्या वयात आपण मुलाला गप्प बसवायला मोबाइल देतो, नेमक्या त्याच वयात घाटात तो देऊ नये. स्क्रीनच्या वाईट परिणामांवर मी व्याख्यान देणार नाही, ते तुम्ही व्हॉट्सअॅपवर वाचताच. मी फक्त सीट कव्हरच्या काळजीने सांगतेय. काच थोडी खाली, नजर लांबच्या डोंगरावर, पोट ना रिकामं ना तुडुंब. आलेपाकाची वडी जवळ असू द्या. घाट उतरताना कानांना दडे बसतात, तेव्हा गिळायला काहीतरी लागतंच.

आणि गिळायला काय, हे कुंभार्लीत विचारायला लागत नाही. मेमध्ये घाटाच्या वळणावर बायका आणि पोरं पानांचे द्रोण घेऊन बसलेली असतात. डोंगरची काळी मैना. करवंदं.

शहरातल्या मुलाला करवंद कसं खायचं ते शिकवावं लागतं. नुसतं तोंडात टाकलं तर काहीच मजा नाही. करवंद बोटात धरायचं, समोरच्याला विचारायचं, "कोंबडा की कोंबडी?" त्याने काय ते बोलायचं आणि मग चावून अर्धं करून दाखवायचं. आत लालभडक निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. हरला तो पुढचं निवडणार. बाहेरून सगळी सारखीच काळी, त्यामुळे आजोबांचा अनुभव इथे काही कामाचा नाही, आणि चार वर्षांची नात त्यांना धडाधड हरवू शकते. खेळता खेळता ओठांना चीक लागतो, ओठ एकमेकांना चिकटतात, जीभ जांभळी होते. एका द्रोणात एका कुटुंबाचा अर्धा तास जातो. मुलं मागतील तर दुसरा द्रोण घ्या, आणि घासाघीस करू नका. भर उन्हात काटेरी जाळीत हात घालून काढलेली असतात ती.

मुलं दिवसभर आपल्या वेळेने चालतात. उठा, बसा, आटपा. म्हणून प्रवासात रोज एक थांबा असा ठेवा की तो कधी संपवायचा हे त्यांनी ठरवावं. मोठ्यांनी घड्याळाकडे बघायचं नाही. पालकांना भीती वाटते की पोरं तीन तास हलणार नाहीत. करून बघा. पोट भरलं की तीच म्हणतात, चला.

घाट उतरलात की पोफळी, शिरगाव, अलोरे. इथे हवा एकदम चिकट होते, उंबऱ्यावर पाय ठेवावा तशी. काळा दगड मागे राहतो, माती लाल होत जाते, घरांच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या दिसायला लागतात. "माती लाल का झाली?" हा प्रश्न मागच्या सीटवरून आपोआप येतो. मूल जागं असेल तर.

मधेच एक सांगते. सगळ्यांकडे गाडी असते असं नाही, आणि नसली तर बिघडत नाही. पाच वर्षांपर्यंत एसटीत तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं. गाडीत आई किंवा बाबा, एक जण कायम स्टिअरिंगला जुंपलेला असतो. एसटीत दोघंही मुलाच्या वाट्याला येतात. आणि गाडीवाल्यांसाठी कायद्याचं: 2019च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा लहानांचं आसन लावणं बंधनकारक आहे, नाहीतर हजार रुपये दंड. दंडाचं सोडा, मांडीवर घेतलेलं मूल करकचून ब्रेक लागल्यावर हातात राहत नाही. आणि बंद गाडीत मुलाला पाच मिनिटंसुद्धा ठेवून जायचं नाही, सावलीत गाडी असली तरी नाही.

आता गुहागर. समुद्राला लागून सुरूची झाडं, गावात नारळी-पोफळीची आगरं. राहायला हॉटेलपेक्षा घरगुती सोय बघा, जिथे घरामागे आगर आहे. कारण सगळ्यात मोठी करमणूक तिथे संध्याकाळी असते आणि तिला तिकीट नाही. शिंपणं. विहिरीचा पंप सुरू होतो, पाणी पाटातून धावतं आणि एकेका झाडाच्या आळ्यात वळवायचं असतं. एक आळं भरलं की तोंडाला मातीचा बांध घालायचा, पुढच्या आळ्याचा फोडायचा. यजमानांना विचारून मुलाला चड्डीवर त्या पाटात उभं करा. पहिल्यांदा त्याचा बांध टिकत नाही, पाणी बाजूने फुटतं. मग ते पालापाचोळा मिसळून घालतं. मग एक करवंटी आडवी लावतं. कोणी शिकवत नाही. मी वर्गात नदीचं काम फळ्यावर काढून शिकवायचे: झीज, वहन, संचयन. इथे सहा वर्षांचं पोर तिन्ही गोष्टी घोट्याएवढ्या पाण्यात करत असतं आणि त्याला कोणी गुण देत नाही. आपण फक्त फोटोसाठी "इकडे बघ, इकडे बघ" करायचं नाही. दोन फोटो काढा आणि मोबाइल पडवीत ठेवून या.

पाट संपला की अंगणात रायवळ आंबे. हापूस ताटात, फोडी करून, पाहुण्यासारखा खायचा. रायवळ मुलांचा. हाताने माचून, देठ काढून, पहिला चीक पिळून टाकून चोखायचा. कोपरापर्यंत ओघळ येतो, म्हणून अंगावरचा सदरा आधी काढून ठेवा. खाऊन झालं की तिथेच बादली ओतायची.

दुसऱ्या दिवशी समुद्र. इथे मला थोडा वेळ द्या, कारण इथे गंमतही आहे आणि धोकाही. ओहोटीला पाणी आत ओढतं, तेव्हा मुलांना घेऊन पाण्यात जायचं नाही. मग भरती कधी, हे कसं कळणार? किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करा. भिंतीवरच्या कॅलेंडरात आज पंचमी असेल तर पाच पाऊण पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला आठ पाऊण सहा. पुनवेला आणि अवसेला पंधरा पाऊण सव्वाअकरा, प्रत्यक्षात सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास, आणि तेव्हा उधाण. अष्टमीच्या बाजूला भांगाची, म्हणजे कमी जोराची भरती. पूर्ण भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. यामागे चंद्रच आहे: तो रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही तेवढीच रोज मागे सरते, आणि पाऊण तास हा त्याचा सोपा केलेला हिशोब. हा अंदाज आहे, कधीकधी तासाभराचाही फरक पडतो, म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी गावकऱ्यांना विचाराच. पण ही संधी सोडू नका. घरात कोणा आजोबांना पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, पाठ असेल तर त्यांना इतक्या वर्षांनी ती कामाला येतेय. नातू तिथी वाचतो, आजोबा पाऊणपट सांगतात, आणि मग दोघं जाऊन समुद्राने ऐकलं का ते बघून येतात.

ओहोटीची वेळ वाया जात नाही. ओल्या वाळूवर बारीक गोळ्यांची नक्षी दिसते, मधल्या एका भोकापासून चहूबाजूंना किरणांसारख्या गेलेल्या रांगा. ती नखाएवढ्या खेकड्यांची असते. खेकडा वाळू तोंडात घेतो, तिच्यातलं खाण्यासारखं सूक्ष्म काय ते काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. तुम्ही चालत गेलात तर तो क्षणात बिळात. उकिडवं बसून, अजिबात न हलता, दोन मिनिटं थांबलं तर बाहेर येतो आणि पुन्हा कामाला लागतो. "जरा गप्प बस" असं आपण मुलांना दिवसातून किती वेळा सांगतो आणि ती ऐकत नाहीत! इथे न सांगता बसतात, कारण गप्प बसण्याचं बक्षीस समोर बिळातून बाहेर येतं. पुढच्या भरतीला नक्षी पुसली जाते, उद्या नवी.

जमलं तर 10 मेच्या आसपास तिथे असा. गुहागरला त्या सुमारास दुपारी साडेबाराला सूर्य बरोबर डोक्यावर येतो. अंगणात स्टीलचा पेला पालथा घाला, सावली गायब. तारीख चुकली तर पुण्यात 13-14 मेला पुन्हा बघता येतं.

आता ते कोडं. एक दिवस गुहागरहून धोपाव्याला जा. तिथून फेरीबोट दाभोळला जाते, गाडीसकट. मुलांसाठी आपली गाडी बोटीवर चढणं हीच मोठी घटना असते. कठड्याशी हात धरून उभे राहा आणि मग सांगा. खाली आहे ती वाशिष्ठीची खाडी. कोयनेचं अडवलेलं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला खाली सोडतात, त्यावर वीज तयार होते, आणि ते पाणी चिपळूणकडे वाशिष्ठीत येतं. म्हणजे कराडला कृष्णेला भेटून बंगालच्या उपसागराला जाणाऱ्या नदीचं थोडं पाणी आपल्याबरोबरच घाट उतरून अरबी समुद्रात निघालंय. काही मुलं थक्क होतात. काही विचारतात, "बोटीचा भोंगा कोण वाजवतं?" दुसऱ्या प्रकारच्या मुलाला भोंग्याबद्दल सांगा आणि नदी पुढच्या वर्षासाठी ठेवा.

परतीचं थोडक्यात. रविवारी निघू नका, घाटात आणि पुण्याच्या तोंडाशी गर्दी गळ्याशी येते. शनिवारी किंवा सोमवारी निघा, शाळा नाहीच आहे. जाताना जिथे मूल रमलं होतं तिथेच पुन्हा थांबायचं ते म्हणेल. आपल्याला वाटतं एकदा बघितलंय की. थांबा. आंब्याची पेटी घेणार असाल तर कच्चट आंबा, गवतात लावलेला घ्या, पेटी उन्हात तापणाऱ्या डिकीत कोंबू नका, मागच्या सीटच्या पायाशी ठेवा. गाडीत वाळू येणारच. ती काढायला मुलांनाच ब्रश आणि सुपली द्या. एक संध्याकाळ त्यातही जाते.

बोला, कोणाला काही विचारायचं आहे का? तिसऱ्या रांगेतला हात कधीपासून वर आहे.