सॉमरसेटची ‘सेव्हन एफ’ इंजिनं नेमकी चालली कुठे?

नमस्कार मंडळी! इंग्लंडमधल्या बाथ शहराजवळच्या बोगद्यातून चालतानाचा माझा व्हिडिओ तुम्ही पाहिलात, आणि त्याखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आलाय. ‘दादा, ती सेव्हन एफ इंजिनं अकराच का बांधली? ती बाकी कुठे का गेली नाहीत?’ उत्तर चार ओळींत लिहायला बसलो होतो, पण ते चार ओळींत मावत नाही.

आधी जुजबी माहिती पटकन उरकून घेऊ. सॉमरसेट अँड डॉर्सेट नावाची रेल्वे. उत्तरेला बाथ, दक्षिणेला समुद्राकाठचं बोर्नमथ आणि मध्ये मेंडिप डोंगर. १८७५ पासून ही लाइन दोन मोठ्या कंपन्यांनी मिळून भाडेपट्ट्यावर घेतलेली. रूळ, पूल, स्टेशनं लंडन अँड साउथ वेस्टर्नकडे आणि इंजिनं मिडलंड रेल्वेकडे. मिडलंडच्या डर्बी कारखान्यात १९१४ मध्ये या लाइनसाठी मालगाड्या ओढणारी वाफेची सहा इंजिनं बांधली, हीच ती ‘सेव्हन एफ’. १९२५ मध्ये रॉबर्ट स्टीफन्सन कंपनीने आणखी पाच दिली, त्यांचे बॉयलर जरा मोठे. पुढे दोन छोटी चाकं, मग आठ मोठी. नंबर ८० ते ९०. बस, एवढीच!

(पडद्यावर नकाशा: बाथ, मिडफर्ड, रॅडस्टॉक, बिनेगर, मॅसबरी, शेप्टन मॅलेट, एव्हरक्रीच जंक्शन.)

हा पट्टा नीट बघून ठेवा. बाथ ते एव्हरक्रीच जंक्शन. या इंजिनांचं खरं आयुष्य इथे गेलं. मुक्काम बाथच्या शेडला. मेंडिपचा दगड, रॅडस्टॉक भागातल्या खाणींचा कोळसा आणि बाकीचा किरकोळ माल घेऊन डोंगर चढायचा, पलीकडे उतरायचा आणि परत यायचं. चाचणीसाठी किंवा दुरुस्तीसाठी ती अधूनमधून बाहेर पडली. पुढे उन्हाळ्यातल्या शनिवारी पर्यटकांच्या गाड्याही त्यांनी ओढल्या, पण त्यांचं रोजचं काम म्हणजे हा डोंगर.

आता ज्या कमेंटमुळे मी खरं तर कॅमेऱ्यासमोर बसलोय, तिच्याकडे येतो. या लाइनवरचा मोठा चढ १:५० चा, आणि त्यावर एकाने लिहिलंय: ‘१:५० चा चढ? त्याला काय घाट म्हणायचं? आमचा बोरघाट १:३७ आहे.’ या कमेंटला शेकड्यांनी लाइक आहेत. बोरघाटाचा अभिमान मलाही आहे हो! लहानपणी पुण्याला जाताना कर्जतला गाडी थांबली की मी खिडकीला नाक लावून बसायचो. मागून बँकर, म्हणजे गाडी ढकलणारं जादा इंजिन, लागला की डब्याला एक मऊ धक्का बसायचा आणि बाबांच्या हातातल्या कपातला चहा हिंदकळायचा. तो धक्का मला आजही आठवतो. पण १:३७ मोठा आहे म्हणून १:५० किरकोळ ठरत नाही. हे मला आज तुमच्या गळी उतरवायचंच आहे.

असं बघा. १:५० म्हणजे पन्नास मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. रस्त्यावर एवढा चढ तुमच्या लक्षातही येणार नाही, स्कूटर तिसऱ्या गिअरमध्ये आरामात जाईल. पण मालगाडी दीडशे मीटर लांब असेल, तर इंजिन आणि शेवटचा डबा यांच्या उंचीत तीन मीटरचा फरक पडतो. म्हणजे घराच्या एका मजल्याएवढा! अख्खी गाडी त्या उतारावर तिरकी लटकलेली असते आणि तिला धरून ठेवणारं इंजिन एकटंच असतं.

आता वजनाने बघू. सपाटीवर जुन्या मालगाडीचा एक टन ओढायला साधारण चार-पाच किलोचा जोर पुरतो. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घरंगळतं, रेल्वेची सगळी कमाई त्यातच आहे. १:५० च्या चढावर त्याच एका टनाला नुसत्या चढापायी आणखी वीस किलो लागतात. म्हणजे एकूण पाच-सहापट जोर. चारशे टनांची गाडी आणि इंजिन-टेंडर (टेंडर म्हणजे इंजिनामागची कोळसा-पाण्याची गाडी) मिळून वरचे शंभर धरले, तर नुसता चढच दहा टन जोर मागतो. सेव्हन एफची ओढ सुमारे सोळा टन. घर्षण, वळणं, ओले रूळ, थांबलेली गाडी पुन्हा हलवणं, हे सगळं उरलेल्या सहा टनांत बसवायचं. बोरघाटात टनाला वीसऐवजी सत्तावीस किलो लागतात, म्हणून तर आपल्याकडे बँकर लागतो. बँकर रॅडस्टॉकलाही लागायचा.

तरी काही जण म्हणतील, चढ ठीक आहे, दम लागेल, हळूहळू जाईल. मग उताराकडे बघा. त्या काळी तिथल्या बहुतेक साध्या मालगाड्यांच्या वाघिणींना ड्रायव्हरच्या हातातला ब्रेकच नव्हता. इंजिनाचा ब्रेक आणि शेवटी गार्डच्या ब्रेकव्हॅनचा ब्रेक, मधल्या सगळ्या वाघिणी नुसत्या साखळीने अडकवलेल्या. मोठ्या उताराआधी गाडी थांबवायची, खाली उतरायचं आणि वाघिणींचे हँडब्रेक एकेक करून लावायचे. टनाला वीस किलो आता खाली ढकलतायत. म्हणून सांगतो, १:५० ला हसू नका.

तर मुद्द्यावर येऊ. ही इंजिनं या डोंगरासाठीच का बांधली? मिडलंड रेल्वे छोट्या इंजिनांवर चालणारी. एक पुरेना तर दोन जोडा, अशी त्यांची रीत. स्वतःच्या लाइनसाठी त्यांनी असं दोन-अधिक-आठ चाकांचं इंजिन कधी बांधलं नाही. पण मेंडिप चढताना ती रीत परवडेना, म्हणून या एका लाइनसाठी त्यांनी मोठं इंजिन काढलं. म्हणजे कंपनी बाहेरची, कारखाना बाहेरचा, पण इंजिन त्या घाटाचं. मला ही इंजिनं इतकी आवडतात ती याचसाठी.

आणि इथेच एक अडचण झाली. तिच्याबद्दल फारसं कुणी विचारत नाही, पण मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्या लाइनवरची टर्नटेबलं, म्हणजे इंजिन उलट दिशेला फिरवायच्या गोल चकत्या, लहान होती. हे इंजिन टेंडरसकट त्यांवर मावायचं नाही. म्हणजे फिरवणं बंद. जाताना धुराडं पुढे, तर येताना टेंडर पुढे. निम्मं आयुष्य उलटं धावायचं. सुरुवातीच्या इंजिनांच्या टेंडरवरही त्यासाठी छप्पर बसवलं होतं, आणि सिंगल लाइनवर जायच्या परवानगीचं टोकन घ्यायचं यंत्र दोन्ही दिशांना चालेल असं लावलं होतं.

एका दर्शकाने लिहिलंय, ‘उलटं धावलं तर काय बिघडलं?’ त्याचं उत्तर त्या बोगद्यात आहे.

बाथहून निघालं की १:५० चा चढ, मग डेव्हनशायर बोगदा, मग कूम डाउन बोगदा. कूम डाउनची लांबी १८२९ यार्ड, म्हणजे जवळपास १६७० मीटर. एकच रूळ, अंगाला घासेल इतका अरुंद, आणि हवेसाठी वर एकही झरोका नाही. माझी मावसबहीण ब्रिस्टलला राहते. तिच्याबरोबर मी तिथे गेलो, कारण २०१३ पासून तो बोगदा चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी खुला आहे. आत पाऊल टाकलं आणि अंगावर गार ओल आली. भिंतीवरून बोट फिरवलं तर बोटाच्या टोकावर काळी काजळी आली. लाइन बंद झाली ७ मार्च १९६६ ला. इतक्या वर्षांनंतरही भिंतीने तो धूर सोडलेला नाही. बहीण पुढे निघून गेली आणि मी ते बोट बघत तिथेच उभा राहिलो.

आता २० नोव्हेंबर १९२९ चा प्रसंग. इंजिन नंबर ८९ मालगाडी घेऊन बाथकडे परत येत होतं. टेंडर पुढे, धुराडं मागे. मिडफर्डला थांबून गाडी पुन्हा सुटली. म्हणजे वेग घ्यायला जागाच मिळाली नाही, आणि लगेच बोगद्यातला चढ. हा चढ १:१०० चा, आपल्या हिशेबात अगदीच साधा. पण गाडी जड, वेग माणसाच्या चालीइतका आणि इंजिन पूर्ण ताकद लावतंय. आता विचार करा. गरम हवा चढाच्या दिशेने वर सरकते, आणि गाडीही तिकडेच चाललीय. माणसं पुढे, धुराडं त्यांच्या मागे. वेग असता तर धूर मागे पडला असता. तो पडलाच नाही. त्या दिवशी हवा दमट होती, वारा जवळजवळ नव्हता.

ड्रायव्हर आणि फायरमन दोघेही धुराने बेशुद्ध पडले. इंजिन मात्र ओढत राहिलं. कुणी चालवत नसताना ते हळूहळू माथ्यावर पोचलं आणि तिथून पुढे बाथपर्यंत उतार. तोच १:५० चा! गाडी सुसाट सुटली आणि बाथच्या मालधक्क्याच्या यार्डात जाऊन आदळली. ड्रायव्हर गेला, आणि यार्डातले रेल्वेचे दोन कर्मचारी गेले. चौकशीत मंद वेगामुळे इंजिनावर आलेला ताण, टेंडर पुढे ठेवून धावणं, दमट हवा आणि पडलेला वारा ही कारणं नोंदवली गेली.

१:५० ला हसू नका असं मी पुन्हा पुन्हा का म्हणतोय, ते आता लक्षात आलं असेल.

आणखी एक कमेंट: ‘हे इंजिन मी डर्बीशायरमध्ये पाहिलंय, म्हणजे ते तिथलंच.’ नाही हो! इंजिन संग्रहालयात कुठे उभं आहे यावरून ते कुठे राबलं हे ठरत नाही. आपल्याकडेही लोक बागेत उभं केलेलं इंजिन बघतात आणि त्याच गावाचं समजतात. अकरापैकी दोनच इंजिनं वाचली, दोन्ही वेल्समधल्या बॅरीच्या भंगारवाड्यातून सोडवून आणलेली. दोन्ही १९२५ च्या पाचांमधली. ब्रिटिश रेल्वेच्या काळात ८० ते ९० हे नंबर बदलून ५३८०० ते ५३८१० झाले होते. वाचलेली दोन म्हणजे ५३८०८ आणि ५३८०९. दुसरं बटर्लीला नेलं, तेच तुम्ही डर्बीशायरमध्ये पाहिलंत.

५३८०९ चा जुना नंबर ८९. त्या रात्री बोगद्यातून एकटं बाहेर आलेलं इंजिन तेच.