उपाशी, पण रिकामा नाही

श्रोतेहो, सलाम.

लेंटचे, म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांच्या उपासाचे, दिवस चालू आहेत. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, रविवार सोडून 40 दिवस. आम्ही इंदूरला राहतो, सराफ्याच्या मागच्या गल्लीत. रात्री सोन्याचांदीच्या पेढ्यांची शटरं खाली आली, की त्याच ओट्यांपुढे कढया चढतात. भुट्ट्याचा कीस, गरम जलेबी. वास थेट माडीवर येतो.

एका वर्षी ठरवलं, लेंटभर रात्री बाहेरचं खायचं नाही. सहा दिवस दातओठ खाऊन काढले. सातव्या दिवशी उभ्याउभ्या दोन द्रोण कीस खाल्ला आणि घरी येऊन बायकोला सांगितलं, "प्रार्थनेला उशीर झाला." खाण्याचं सोडा, ते खोटं मला फार जाचलं. प्रार्थनेचं नाव घेऊन बोललो होतो!

त्या रात्री बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढला. 40 दिवस उपाशी असलेल्या येशूला सैतान आधी काय म्हणतो? या धोंड्यांच्या भाकरी कर. भाकरीत काय पाप आहे? मोह असाच येतो, हक्काच्या गोष्टीचं रूप घेऊन. येशू वाद घालत नाही. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातलं, मनात मुरलेलं वचन त्याच्या ओठांवर येतं: "मनुष्य केवळ भाकरीने नव्हे, तर परमेश्वराच्या मुखातून निघणाऱ्या प्रत्येक वचनाने जगेल." तो उपाशी होता, पण रिकामा नव्हता.

रिकामा मी होतो. मत्तयाच्याच 12व्या अध्यायात येशू झाडूनलोटून ठेवलेल्या घराविषयी सांगतो. हाकललेला अशुद्ध आत्मा परत येतो, घर रिकामं पाहतो आणि आणखी सात जणांना घेऊन आत शिरतो. मी घर झाडलं होतं, आत कुणाला बसवलं नव्हतं.

सकाळी बायकोला खरं सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "त्या पैशांची कणीक आणा." बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 58व्या अध्यायात देवाला आवडणारा उपास सांगितलाय ना, आपली भाकर भुकेल्याला वाटून देण्याचा, तो तिच्या मनात होता. तेव्हापासून लेंटमध्ये संध्याकाळी ती पोळ्या लाटते, मी भाजतो. बटाट्याची भाजी घालून पुड्या बांधायच्या आणि एम. वाय. हॉस्पिटलला न्यायच्या. तिथं रोग्यांचे नातेवाईक आवारात सतरंजी टाकून पडलेले असतात.

परवा एका म्हाताऱ्या बाईंनी पुडी सोडली, पोळी अर्धी मोडली आणि माझ्यापुढे धरली. "आप भी खाओ, भैया." त्यांच्या सतरंजीच्या कडेला बसून खाल्ली.

परतताना सराफा ऐन भरात होता. त्याच गर्दीतून चालत घरी आलो. भूक नव्हती.